अ, ब, क, ड

टिमकीच्या या गल्लीत हातमाग आता बोलत नाहीत.
एक यंत्रमाग उरलाय धकात्यांचा, तो
माझ्या नमस्काराच्या वर आवाज काढतो.
मी ओरडून सांगते : भाग एकशे बारा,
अनुक्रमांक चारशे सात, खोली दोन, मनपाची शाळा,
सकाळी साडेसातपासून.
"हाव मॅडम," तो म्हणतो, आणि चिठ्ठी
रिकाम्या धोट्याखाली दाबून ठेवतो.

मागच्या वेळी या केंद्रावर शंभरात अडतीस.
पेपर तपासत असते तर म्हटलं असतं, काठावर पास,
पालकांना घेऊन ये.
इथे पालक कोण?

दारोदार तीच तक्रार, फक्त चपला वेगळ्या :
"नाली उपसली काय कोनी?"
"नगरसेवक दिसला काय तुमाले?"
"चार-चार बटना कायले दाबाच्या, एकीनं भागत नाही?"
मी सांगते, प्रभागात चार जागा, अ, ब, क, ड,
चारही दाबल्याशिवाय यंत्र वाजत नाही.
पौनीकर काकू हसतात :
"म्हंजे पुन्हा पहिलीपासून शिकवून राह्यल्या म्हना."

गेंदाबाई हेडाऊंच्या दारात
नवऱ्याच्या नावापुढे 'मयत' लिहायला पेन काढलं.
सव्वा वर्ष झालं, अर्ज कोणी भरलाच नव्हता.
"लिहा," म्हणाल्या, "पन त्यायची चिठ्ठी मले द्या.
रेशनकार्डावर नाव चुकलं होतं जलमभर.
इथं बरोबर हाये."

मग इंदल शाहू.
ट्रकच्या फाळक्यावर उभा, संत्र्याचे क्रेट मोजत :
"त्या दिवशी मी रायपूरच्या रस्त्यानं असन.
तुमच्यावानी टपालानं नाही होत काय आमचं?"
नाही, म्हटलं. ते फक्त
निवडणूक ड्यूटीवाल्यांना.
"बरं हाये तुमचं," तो म्हणाला.
टोमणा नव्हता. खरंच
बरं वाटलं होतं त्याला माझ्यासाठी.

गोळीबार चौकात पोहे घेतले, तर्री जास्त,
आणि घास हातातच राहिला.
तीन निवडणुका ड्यूटी केली मी.
तीनदा ते पाकीट आलं, पाकिटात पाकीट,
आणि त्यात मी विजेची बिलं ठेवली,
मुलीचे पासपोर्ट फोटो,
मत सोडून सगळं.
आमची बोटं कोणी तपासत नाही.
शाईची बाटली आमच्याच हातात असते.

घोषणापत्रावर राजपत्रित अधिकाऱ्याची सही हवी.
ओळखीचे एकच, गुरांच्या दवाखान्यातले डॉक्टर लांजेवार.
गेले तेव्हा एका कालवडीला सुई टोचत होते.
"थांबा," म्हणाले, "आधी हिचं."
मग हात धुतले, चष्मा पुसला,
ओळखपत्र माझ्या तोंडाशी ताडून पाहिलं
आणि शिक्का मारला : पशुधन विकास अधिकारी.
कालवड बघत होती.

रात्री दार लावून चार कागद पलंगावर मांडले.
पांढरा, गुलाबी, पिवळा, निळा.
यंत्रापाशी माणसाला चाळीस सेकंद लागतात, मी मोजलेत.
मला पाऊण तास लागला.
'ड'ला तर सगळीच नावं सारखी वाटली.
शेवटी त्यातल्या त्यात ज्यानं,
जाऊ द्या, ते सांगायचं नसतं.

मतदानाच्या दिवशी मी नरसाळ्यात, शहराच्या पार दुसऱ्या टोकाला.
दर दोन तासांनी आकडा वर कळवायचा.
रात्री पेट्या जमा करून काकूंना फोन लावला :
आपल्याकडे किती झालं?
"एक्केचाळीस म्हंते हा पोट्टा."
तीन मार्क वाढले.

इंदल वेळेत परतला का, कळलं नाही.
आला असेल तर नावापुढे खूण असेल,
पण ती यादी लाखेच्या आत गेली.
पुढच्या आठवड्यात त्याच्या दारावरून गेले. ट्रक उभा होता,
चाकांना वाळलेली माती.
कुठली, ते ओळखण्याइतकी
माती मला कळत नाही.