छत्तिसावा आठवडा

टायर तर नवेच आहेत, अर्डिस म्हणाली.
दिसत तसेच होते.
नक्षी खोल, कडेचे रबरी केससुद्धा शाबूत.
सहा वर्षं ट्रेलर अंगणात उभा,
झिजणार कशानं?

मी उताणा आत सरकलो, बॅटरी दातांत धरून,
आणि आतल्या भिंतीवर अंगठा दाबला.
भेगा उघडल्या
आटलेल्या तळ्यासारख्या.
ही जात चालून मरत नाही, अर्डिस,
उभ्या उभ्या मरते.

मग तिला चार आकडे दाखवले.
लांबट चौकटीत, प्रत्येक टायरच्या गालावर:
आधी आठवडा, मग वर्ष.
गुडघ्यांवर हात टेकून ती वाकली, मोठ्यानं वाचू लागली.
अकरा, चौदा.
अकरा, चौदा.
अकरा, चौदा.
डावं मागचं: छत्तीस, एकोणीस.

हे कसं?

मी कापडानं हात पुसत राहिलो.
टायरवाल्याला बरंच कळतं.
विचारल्याशिवाय सांगू नये
एवढंच शिकायला मला वीस वर्षं लागली.

त्या ऑक्टोबरात तिचा गुडघा बदलला होता.
आर्विड एकटाच गेला, यलोस्टोनच्या काठाकाठानं,
पाणी उतरलं की अकीक उघडे पडतात म्हणून.
दोन दिवस उशिरा आला.
वाटेत काही झालं का?
काय होणार?
खोटं बोलावं पण रेटून बोलावं.

चाकावरच्या पत्र्याला तिनं हात लावला.
पांढऱ्यावर पांढरा,
पण दुसरा पांढरा.
खाली हातोडीचे पोचे, बोटांनाच दिसणारे.

कोल्टरनं ट्रेलर धान्याच्या काट्यावर नेला.
दारावरची पट्टी म्हणते सात हजार पौंड.
काटा म्हणाला सात हजार आठशे ऐंशी.
पलंगाची फळी उचलली
तर खाली अकरा बादल्या, दगडांनी काठोकाठ.
"गाडी रिकामीच आहे," अर्डिस म्हणाली, त्याच्या आवाजात,
"तुझ्या उशा नि माझी काठी."
आणि हसली की काय, कळलं नाही.
नेमका कॉम्प्रेसर सुरू झाला.

मी हिशेब मांडला.
बादल्या उतरवल्या तर डी पुरतो,
चाकं हीच चालतात, घरी जाऊन जेवता येतं.
नाहीतर ई. दहा पदरी, ऐंशी पौंड हवा.
तुमच्या रिमांना पासष्टच्या वर सोसत नाही,
म्हणजे चाकंही नवी, सहा भोकांची,
वर मागच्यापुढच्या टायरांत चार बोटं जागा उरायला हवी.
आणि ई घेतला तरी ॲक्सलचा हट्ट चालायचा नाही,
तीन बादल्या उतराव्याच लागतील.

ती बराच वेळ भिंतीवरच्या चाकांकडे बघत होती.
आठ बादल्यांसकट किती?

मी आकडा सांगितला.
लोखंडी की ॲल्युमिनियम?
ॲल्युमिनियम, ती म्हणाली. ती चकचकीत.
परवडत होती आम्हाला.
त्याला आवडत नव्हती.

तीन बादल्या तिनं स्वतः निवडल्या,
एकेक दगड थुंकी लावून उजेडात धरत,
आणि माझ्या दारापाशी ओतल्या.
गिऱ्हाइकं अजून अडखळतात.

छत्तीस एकोणीस काढताना विचारलं, ठेवायचा?
अजून चालेल?
नाही.
मग कशाला विचारतोस?

नट मी चांदणीच्या क्रमानं आवळले,
समोरासमोर, पाना टक् म्हणेपर्यंत.
पन्नास मैलांवर थांबायचं, पुन्हा आवळायचे.
नवं चाक बसायला वेळ घेतं.
पावतीच्या पाठीवर तिनं लिहून घेतलं: ५०.

दुपारी फोन आला, मागे वारा.
थांबलेय. सगळे घट्ट.
एक पाव वळसा फिरला.

डावं मागचं? मी विचारलं.

उजवं पुढचं, ती म्हणाली,
प्रत्येक गोष्टीत त्याला कशाला घालतोस.

आणि दगड?
वळणावर बोलतात.