अंगठ्याआधी

धुडकूबाबा पहिल्यांदा घरी गेला तेव्हा
चोपड्याच्या या वॉर्डात मीच घेतला त्याचा अंगठा.
कागदावर खाली छापलेलंच असतं:
मला माझ्या भाषेत समजावून सांगण्यात आले.
सत्रासेनची गाडी साडेबाराला,
दारात मुलगा हिलाल, पिशव्या उचलून उभा,
आणि बाहेर बाकावर एक दमेकरी
त्याच खाटेची वाट बघत.

नवव्या दिवशी बाबा परत.
पायावर बोट दाबलं, खळगा तसाच राहिला.
कागद? होता की.
तीन पिशव्यांच्या आत, रेशनकार्डाच्या पोटात,
घडीसुद्धा न मोडलेला.
मीठ खाल्लंत?
"नही ना बाई. बोटलेबी लायं नही."
सून शपथेवर सांगत होती, भाजी अळणीच.
मग हळूहळू निघालं:
घरात बिबडे घातले होते,
म्हातारा खाटेवर बसून कावळे हाकलायचा
आणि ओला, अर्धा वाळलेला, एकेक
तोंडात.

बिबड्यातलं मीठ मी विचारलंच नव्हतं.

या वेळी स्टूल ओढलं.
डॉक्टरांचं अक्षर पालथं घातलं,
मागच्या कोऱ्या बाजूला सूर्य काढला, चंद्र काढला,
चंद्र जरा बिबड्यासारखाच झाला.
पांढरी गोळी सूर्यापाशी चिकटवली, पिवळी चंद्रापाशी.
रोज वजन करा, म्हणाले
आणि अडले. काटा कुठला?
हिलाल म्हणाला, केळीच्या वखारीत आहे ना.
मग घडासारखं बसवा त्यांना काट्यावर,
दोन किलो वाढले की थेट इकडे.

आता तुम्ही सांगा, म्हटलं. मी पेशंट.
म्हातारा लाजला. घसा खाकरला.
"बाई, बिबडा खाऊ नको तू.
पापडबी नही.
लोनचं..."
इथे थांबून माझ्याकडे बघितलं,
काही सूट मिळते का म्हणून.
मी नुसती बघत राहिले.
"...लोनचंबी नही."

साडेबाराची गेली.
मेट्रन दोनदा डोकावल्या.
बाकावर आज दुसरंच कोणी खोकत होतं,
त्याला काय सांगायचं ते मला अजून सुचलेलं नाही.

शेवटी शाईची डबी उघडली.
बाबाने अंगठा पुढे केला,
टेकवता टेकवता मागे घेतला.
"चांदवाली गोयी,
जेवाना पह्यले का मांगे?"

मी झाकण पुन्हा लावलं.