कडता

जिनिंग बंद पडली, काटाघराची किल्ली मात्र
माझ्याकडेच राहिली.
ज्योत्स्नाताई मागायला आल्या तेव्हा मी विचारलं, भाडं?
त्या म्हणाल्या, तुम्हीच या की. गणित घ्या पोरांचं.

धरणगावात आता साडेपाचला ते शटर वर जातं.
आत सरकीचा वास अजून आहे.
आढ्याला रुई चिकटलेली; पंखा लावला की
एखादं पुंजकं तरंगत खाली येतं
आणि उजेफच्या वहीत सतरा आठेवर बसतं.
तो फुंकर मारतो, ते जागृतीच्या वेणीत जातं.
तिथून कुठे गेलं, यावर पंधरा मिनिटं जातात.

एकोणतीस मुलं, दोन सतरंज्या,
पत्र्याच्या पेटीत एकशे बारा पुस्तकं,
त्यातलं एक उंदरानं आधीच वाचलेलं.
शनिवारी बुद्धिबळ. एक उंट हरवलाय;
त्याच्या जागी खडूचा तुकडा उभा राहतो
आणि तिरका चालतो. कुणाची हरकत नाही.

याच खोलीत मी सव्वीस हंगाम कापूस मोजला.
क्विंटलमागे दोन किलो कडता:
ओल म्हणून, माती म्हणून,
काहीच नसेल तर रीत म्हणून.
हात असा सरावला होता
की समोरच्याच्या तोंडाकडे न बघता
पेन आपोआप कमी लिहायचं.

पहिल्या चाचणीत जागृतीनं निबंध लिहिला:
माय सकायमा उठस. चुल्हा पेटाडस. मंग माले उठाडस.
मी लाल पेन काढलं.
उठस, अर्धा. पेटाडस, अर्धा. माले, अर्धा.
दहातले साडेतीन असे गेले,
आणि कापणारा मी, जो घरी पोचून
चप्पल काढता काढता बायकोला विचारणार होतो,
काय रांधं वं आज?

तिनं वही उलटीसुलटी करून पाहिली.
रडली नाही. म्हणाली,
सर, कापेल मार्क कोठे जातस?

हंगामाच्या शेवटी चार गाठी उरायच्या,
पांढऱ्याशुभ्र, पट्ट्या आवळलेल्या,
कुणाच्याच नावावर नसलेल्या.
शेठ म्हणायचे, लक्ष्मी आहे, विचारू नये.
मी विचारलं नव्हतं.
मी जागृतीला म्हणालो, खाली बस.

दुसऱ्या दिवशी मार्क परत दिले,
असं सांगायला बरं वाटलं असतं. दिले नाहीत.
शाळेच्या पेपरात बाई कापणारच,
ते आधी आपल्याकडून कळलेलं बरं,
अशी मी माझीच समजूत घातली.
फक्त फळ्याचे दोन भाग केले:
इकडे उठस, तिकडे उठते,
मध्ये बरोबरचं चिन्ह.
तर रुबाब तडवीचा हात वर.
सर, आमच्याकडे तिसरंच म्हणतात.
फळा पुरला नाही.
आम्ही भिंतीवर गेलो.

काल हातच्याची वजाबाकी होती.
आई मिरची कांडायला गेलेली, म्हणून जागृतीच्या कडेवर
तिचा भाऊ गुड्डू.
तो काट्यावर उभा राहीना.
मग तीच त्याला घेऊन चढली:
एक्केचाळीस.
त्याला उतरवून एकटी:
साडेएकोणतीस.
सगळ्यांनी पाटीवर मांडलं, काहींनी बोटांवर.
मग प्रत्येकाला गुड्डू उचलून बघायचा होता.
उजेफकडे तो बारा भरला, रुबाबकडे अकरा,
कारण तो हसत होता, लाथा झाडत होता,
आणि मधल्या वेळात बिस्किटं खात होता.

मी जुनं तोलाईचं रजिस्टर उघडलं.
जागृती माझ्या हाताकडे बघत होती,
काट्याकडे नाही.
पुरं लिखा सर, ती म्हणाली.

साडेअकरा लिहिलं. पुरं.
शटर ओढताना कळलं,
उंट त्याच्या मुठीत होता सगळा वेळ.
राहू दे.
तोही धरला.