आठशे ग्रॅम

तुर्भ्याच्या शाळेत माझी खोली जिन्याखाली.
नीट उभं राहिलं की डोक्याला पायरी लागते,
म्हणून मी बसूनच असते.
वजनकाटा, उंचीची पट्टी, ओआरएसची पाकिटं
आणि एक लोखंडी पलंग,
ज्यावर पोट दुखणारी मुलं
गणिताच्या तासाला येऊन झोपतात.
मी झोपू देते.
कधी कधी गणित खरंच पोटात दुखतं.

पाचवी ब, हजेरी क्रमांक एकोणीस,
नागेश धोत्रे.
जूनमध्ये चोवीस किलो दोनशे.
ऑगस्टमध्ये तेवीस चारशे.
आकड्याभोवती मी लाल गोल काढला
आणि छापील चिठ्ठी दिली :
पालकांनी समक्ष भेटावे, सकाळी अकरा वाजता.

आज काटा म्हणाला, चोवीस दोनशे.
मी म्हटलं, शाब्बास रे.
तो उतरला, आणि चालताना
खुळखुळला.

टेबलावर खिसे रिकामे झाले.
खडी. इंदिरानगरमागच्या बंद खाणीतली,
काळी-निळी, धारेची,
एकूण बावीस.
पुन्हा चढवला. तेवीस चारशे.
बरोब्बर आठशे ग्रॅम आणले होते त्याने,
किराणावाल्याच्या काट्यावर तोलून,
एक खडा टाकून, एक काढून.
हा मुलगा गणितात नापास आहे.

का रे, असं विचारलं तर पायाच्या अंगठ्याशी बोलला :
तुम्ही बोलावलं की आईचा खाडा पडतो.

खडा आणि खाडा.
एका कान्याचं अंतर,
आणि त्या अंतरात एक अख्खा दिवस,
मसाला मार्केटातल्या मुकादमाने कापलेला.
त्या रात्री भात कमी होता, शिष्टर.
सगळ्यांनाच.
म्हणजे आईला.

मला ती आठवली.
खुर्चीच्या कडेवर टेकलेली मनकर्णा धोत्रे,
दिवसभर मिरचीची देठं खुडणारी.
मुलाच्या कपाळावरचा घाम तिने मनगटाने पुसला होता,
बोटं लांब धरून,
त्याच्या डोळ्यांना झोंबू नयेत म्हणून.
आणि मी तिला सांगत होते
अंडी, दूध, गूळ-शेंगदाणे, हिरव्या पालेभाज्या.
ती मान हलवत होती.
भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होती.
मला वाटलं, लक्ष नाही बाईचं.

चिठ्ठ्यांचा गठ्ठा काढला,
प्रत्येकीवरचं 'सकाळी अकरा' खोडलं.
शंभर चिठ्ठ्या. पेन संपलं.
गुरुवारी संध्याकाळी साडेसातला
जिन्याखालचा दिवा चालू ठेवला.
वॉचमन म्हणाला, बाई, डास फोडून खातील.
खाल्लंच.
पहिल्या गुरुवारी कोणी आलं नाही.
दुसऱ्या गुरुवारी ती आली, नागेशला पुढे घालून,
अंगाला तिखटाचा वास, मला तीन शिंका.

तिघं हसलो. मग मी म्हटलं,
तुम्ही पण चढा काट्यावर.
माझं कशाला?
चढा तर.
चप्पल काढली, पदर सावरला,
श्वास रोखून उभी राहिली,
जणू फोटो काढतात.
सदतीस किलो सहाशे.

नोंदवहीत आईसाठी रकाना नाही.
मी पट्टी घेऊन आखला,
थोडा तिरका आला.

शुक्रवारी नागेश खडी परत मागायला आला.
धाकट्या बहिणीला सागरगोटे हवेत म्हणाला.
मोजून एकवीस दिले.
एक ठेवून घेतला;
पंखा लावला की वहीची पानं उडतात.

नोव्हेंबरात तो पुन्हा चढला.
तेवीस सहाशे.
दोनशे ग्रॅम.
मी आकडा लिहिला, गोल काढला नाही,
आणि खिसे
तपासले नाहीत.