जागेवर आढळून येत नाही

माझं काम भिंतींना धडकायचं.
उदगीरला, चौबाऱ्यामागच्या गल्लीत, माडीवरच्या खोलीत
मी दिवसभर एका तलवारवाल्या बाईला
भिंतीशी नेते आणि पुढं ढकलते.
भिंत भिंतीसारखी वागली तर पुढची भिंत.
नाही वागली, तर त्या दिवसाचा रोज पडला.

काल ती भट्टीमागच्या कोपऱ्यात गुडघ्यापर्यंत जमिनीत गेली.
परवा सरायवाल्यानं एकच ढाल
माझ्याकडून तीनदा विकत घेतली,
तीही मी पाठीवरून न उतरवता.
घोडा छपरावर.
लोहाराला मुंडकं नाही, आवाज आहे:
ये पाहुण्या, धार लावून देतो.
मी लिहिते: पायरी एक, पायरी दोन,
घडायला काय हवं होतं, घडलं काय,
दहापैकी किती वेळा.

नाना मागं खुर्चीवर.
एकतीस वर्षं भूमी अभिलेखात साखळी ओढली,
आता जिना चढले की तासभर उतरत नाहीत.
"ही बाई दिवसभर बांधाबांधानंच कामून चालती गं?"
कुठं फट आहे का बघते, नाना.
"मग आपल्याच खात्यातली हाय की."

जळकोटकडच्या एका शिवारातली गोष्ट ते सांगतात,
दर वेळी शिवाराचं नाव वेगळं.
निजामाच्या वेळचा नकाशा, कडेला उर्दू,
मधोमध विहीर. जमिनीवर नुसती तूर.
तीन दिवस शोधली. चौथ्या दिवशी साहेब म्हणाले, लिहा:
जागेवर आढळून येत नाही.
अक्षर नानांचं, सही साहेबांची.
"तूर मातर तेवढ्याच गोलात
कमरेच्या वर आली होती.
त्याला रकाना नव्हता."

मंगळवारी त्यांनी कीबोर्ड मागितला.
चक्कीपलीकडं खेळातलं एक शेत आहे,
गवताचं, कुणाच्याच मालकीचं नाही,
तिथं रात्री लांडगे सुटतात, एरवी काही नाही.
नानांनी एक बोट बटणावर ठेवलं
आणि ओठांतल्या ओठांत मोजत निघाले.
बाहेरच्या रस्त्यानं एकशे चाळीस पावलं.
आतून, त्याच कुंपणाला लागून, एकशे त्रेसष्ट.
"आत तेवीस जास्त भरतेत."
मी मोजलं. एकशे चाळीस. पुन्हा एकशे चाळीस.
नानांनी मोजलं. एकशे त्रेसष्ट.

जेवणं झाल्यावर लक्षात आलं,
ते दर वीस पावलांना थांबत होते.
मागचा माणूस खुणेचा दगड ठेवीपर्यंत
पुढच्यानं थांबायचं असतं.
मागं कुणी नव्हतं. तरी थांबत होते.
आणि बाई गवतात थांबली
की हळूच, दिसेल न दिसेल इतकी,
तीनेक पावलं मागं घसरत होती.
रस्त्यावर नाही. फक्त गवतात.

मी नीट लिहिलं.
पायरी चार: वीस पावलं चाला, थांबा,
दगड ठेवायला लागतो तेवढा वेळ थांबा.
तो वेळ सेकंदांत लिहायला हवा होता.
मी नानांना विचारलं. ते म्हणाले,
"दगडावर हाय. काळ्या रानात दगड सापडंस्तोवर
माणूस बिडी वढून घेतो."

संध्याकाळी उत्तर आलं:
पुन्हा घडवून पाहिलं, घडलं नाही. नोंद बंद.
मी वाचून दाखवलं.
नाना हसले नाहीत, चिडलेही नाहीत,
चष्मा काढून धोतराच्या सोग्याला पुसला.
"सही कुणाची हाय?"
नावाच्या जागी एक हिरवा गोल होता,
आत एक अक्षर.
"साहेब नवा दिसतो."

खालून आईनं दोनदा हाक मारली.
मी स्क्रीन मिटायला हात नेला
तर त्यांनी मनगट धरलं:
लांडगे सुटायची वेळ झाली,
तिला मधी उभी करून जेवाया जाऊ नगंस,
कडंला तरी आण.