साठ ओहम

रुस्तावीच्या गॅरेजात ती गाडी आली तेव्हा
इंजिन म्हणत होतं, गिअरबॉक्स बोलत नाही.
गिअरबॉक्स म्हणत होता, ब्रेक बोलत नाहीत.
ब्रेकांची तर सगळ्यांविरुद्धच तक्रार,
आणि स्कॅनर निमूट लिहून घेत होता,
भांडणातल्या तिऱ्हाइतासारखा.

नुग्झार म्हणाला, "बोंब मारतो तो बहुधा निर्दोष असतो.
मूग गिळून बसलाय त्याला शोध."
त्यानं बॅटरी सोडवली, मीटरच्या सुया
एकमेकींना पीळ घालून गेलेल्या त्या दोन तारांना लावल्या.
साठ हवे होते.
अकरा आले.

मग एकेक प्लग. मी काढायचे, तो आकडा वाचायचा.
ब्रेकचा डबा: अकरा.
डावा दरवाजा: अकरा.
मध्ये लोबियानी खाल्ली, हात पुसले.
उजवा दरवाजा: अकराच.
ड्रायव्हरच्या सीटखालचा डबा सुटला
तेव्हा तो काही बोलला नाही,
मीटर फक्त माझ्याकडे वळवला.

प्लगमध्ये तांबं हिरवं पडलेलं,
गालिच्याखाली बारीक वाळू.
कागदांवर होतं: लिलाव, टेक्सास.
पूर हा शब्द कुठेच नव्हता.
नुग्झारनं बोट जिभेला लावलं. "खारट."
काळ्या समुद्रापलीकडचं पाणी
त्यानं पहिल्यांदाच चाखलं असावं.

टॅक्सीवाला बादरी फाटकाशी उभा, हप्त्याची तारीख मोजत.
बॅटरी जोडली. सगळे एकदम बोलायला लागले,
आणि उन्हानं तापलेल्या कोरड्या काचेवर
वायपर दोनदा फिरले,
कुणी न सांगता.