चिमूटभर मीठ

क्लाक्सविकच्या बंदरावर, जाळ्यांच्या गोदामावरच्या मजल्यावर
आमचं फोटोंचं दप्तर आहे:
नऊ हजार छायाचित्रं, एक सर्व्हर, एक हीटर आणि मी.

फेब्रुवारीतल्या एका रात्री कुणीतरी
एकच फोटो मागत राहिलं.
रुंदी तीनशे. तीनशे एक. तीनशे दोन.
पत्त्यातला आकडा बदलायचा, की सिस्टीम मुकाट्यानं
नवी प्रत कापून द्यायची.
नाही म्हणायला तिला कुणी शिकवलंच नव्हतं.
पहाटे डिस्क काठोकाठ:
एकाच बोटीच्या अकरा हजार बोटी.

मी पत्त्याच्या शेपटाला हॅश बांधला.
फाइलचं नाव, रुंदी, उंची
आणि फक्त आमच्या सर्व्हरला ठाऊक असलेलं चिमूटभर मीठ
(आमच्या धंद्यातही त्याला मीठच म्हणतात)
सगळं घुसळून निघालेली चाळीस अक्षरं.
आकडा एकानं हलला तर एकूण एक बिघडणारी.
खाल्ल्या मिठाला जागेल तोच पत्ता आत.
बाकीच्यांना चारशे तीन. मनाई.
त्या रात्री मी गाढ झोपले.

गुरुवारी हानुस जिना चढून आले, धापा टाकत.
वय एक्याऐंशी. उभा जन्म कॉड खारवण्यात गेलेला.
"माझा भाऊ बंद केलात तुम्ही," म्हणाले.

खिशातून कागद काढला, शाईनं उतरवलेला पत्ता.
नातीनं दाखवलं होतं: हा आकडा वाढव.
आठशेला बोट दिसते.
दोन हजाराला डेकवरची माणसं.
चार हजाराला डावीकडून तिसरा, टोपी हातात,
हसताना दिसणारा तुटका दात.
सत्तावन्नच्या हिवाळ्यात ती बोट परतली नाही.
घरात त्याचा दुसरा फोटो नाही.

मी समजावू लागले, चोर, आकडे, डिस्क, मीठ...
"मीठ मला नका शिकवू," ते म्हणाले.
"कमी पडलं तर मासा सडतो.
जास्त झालं तर घरच्यांनाच खाववत नाही."

मग मी चार हजारांचा पत्ता घडवला,
सर्व्हरकडून त्याची अक्षरं काढून घेतली.
छापून देते म्हटलं, तर नको.
मी वाचलं, त्यांनी लिहिलं, जीभ दाताखाली धरून.

संध्याकाळी फोन: उघडत नाही.
पुन्हा पहिल्यापासून. एकेक अक्षर.
चौदावं बी नव्हतं, सहा होतं.

मग पलीकडे बराच वेळ नुसती किटली शिट्टी देत राहिली.
कुणी ती उतरवत नव्हतं.